पाठ सगळ्यांचीच दुखते!

दिवाळी अंकात काय यावे याबद्दल वाचकांच्या काही रास्त अपेक्षा असतात. एखादी प्रेमकथा असावी, एखादे प्रवासवर्णन असावे, आणि वार्षिक राशिभविष्य तर असायलाच हवे. लघवी या विषयावर कोणी लेख लिहावा, अशी मागणी आजवर एकाही वाचकाने केल्याचे ऐकिवात नाही. तरीही मी आज त्याच विषयावर लिहिणार आहे. आणि तेही आपल्या हातात चकलीचा तुकडा असताना! ज्यांना नाके मुरडायची असतील त्यांनी खुशाल मुरडावीत, पण मुरडून झाल्यावर पुढे वाचावे. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवले आणि चारचौघांत न बोलायचे विषय चारचौघांत बोलून दाखवले. त्याला आता सत्तर वर्षे उलटून गेली. कर्वे गेले, मासिक गेले, आमची भीड मात्र आहे तिथेच आहे. आणि या भिडेपायी माणसाचे पाय जातात. हे मी अलंकार म्हणून म्हणत नाही. अक्षरशः दोन पाय, कमरेपासून खाली.

मी गोंदिया जिल्ह्यातला. मुंबईकर वाचकांना आमचे गाव ठाऊक असते ते विदर्भ एक्सप्रेसच्या पाटीवरून. ती गाडी जिथे दमून थांबते तिथे आम्ही राहतो. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा तळ्यांचा आणि धानाचा. नागझिऱ्याचे जंगल आणि नवेगावचा बांध पाहायला पाहुणे येतात, पण ते येतात हिवाळ्यात. त्यांनी एकदा आषाढ-श्रावणात यावे. तेव्हा आमच्या बांध्यांतून रोवणी चालू असते. पऱ्ह्यांतली रोपे उपटायची, त्यांच्या पेंड्या बांधायच्या, चिखलात टाकायच्या, आणि मग ओळीने वाकून एकेक रोप चिखलात खोचीत मागे मागे सरकायचे. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, पावसात, महिना-महिना. त्या दिवसांत रस्त्याने जाणाऱ्याला माणसांची तोंडे दिसत नाहीत, पाठी दिसतात. जे तांदूळ आपण दिवाळीत अनारशांसाठी भिजत घालता ते अशा वाकलेल्या पाठींवरून आपल्या घरी येतात.

आता अशा मुलखात कोणी म्हटले की, “माझी पाठ दुखते,” तर त्याला उत्तर काय मिळणार? “पाठ तं साऱ्याइचीच दुखते जी!” घरची माणसे हेच म्हणतात, शेजारी हेच म्हणतात, आणि पाटीवर पदव्या लावून बसलेले डॉक्टरही, जरा शुद्ध भाषेत, हेच म्हणतात. गंमत अशी की हे उत्तर खोटे नाही. पाठ खरोखरच सगळ्यांची दुखते. शंभरांतल्या नव्याण्णवांची पाठ दोन दिवस पडून राहिले की बरीही होते. पण शंभरावा जो असतो, त्याचे काय? त्याचे दुखणे नव्याण्णवांच्या गर्दीत हरवते. आणि जेव्हा सापडते तेव्हा तो खाटेवर असतो.

असा एक शंभरावा माझ्या घरातला आहे. माझा मामेभाऊ. आम्ही सारे त्याला दादा म्हणतो. अर्जुनी-मोरगाव तालुक्यातले त्याचे गाव. आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. वय ४२, अंगाने काटक, पोत्याखाली कधी न वाकलेला गडी. रोवणी ऐन भरात असताना दुपारी चारच्या सुमारास त्याच्या दोन खांद्यांच्या मधोमध, कुणी मागून सुरा खुपसावा तशी कळ आली. तो चिखलात गुडघ्यांवर बसला. बायांना वाटले पाय घसरला. घटकाभराने तो उठला आणि घरी आला. चालत आला, हे ध्यानात ठेवा. सायंकाळी पाय जड झाले. रात्री जेवून उठताना उजवा पाय मागे राहिला. वहिनीने तेल गरम करून चोळले. शेजारच्या म्हाताऱ्याने उंबऱ्यातूनच निदान केले, “हवा लागली.” पहाटे पाहतात तो दोन्ही पाय निर्जीव, आणि ओटीपोट नगाऱ्यासारखे टणक.

आदल्या दुपारपासून त्याला लघवी झालेली नव्हती. ही गोष्ट त्याला ठाऊक होती, वहिनीलाही ठाऊक होती. कोणी बोलले नाही. घरात म्हातारी आई होती, रोवणीला आलेल्या पाहुण्या बाया होत्या. त्यांच्यासमोर हे कसे सांगायचे? दुसऱ्या दिवशी गावाजवळच्या एका डॉक्टराने इंजेक्शन टोचले आणि ‘लकवा’ असे नाव देऊन तो मोकळा झाला. लकवा म्हटल्यावर लकवा उतरवणारा आला, कारण तो नेहमीच कुठेतरी जवळपास असतो. तिसऱ्या दिवशी एका दवाखान्यात सलाइन आणि ताकदीची औषधे. तिथे एका परिचारिकेने, डॉक्टराने नव्हे, पोटाला हात लावून पाहिला आणि नळी घातली. दादा लहान मुलासारखा रडला म्हणतात. चौथ्या दिवशी नागपूर. तिथे एमआरआय झाला, रात्रीच शस्त्रक्रिया झाली. ज्या सर्जनने ती केली, त्याने बाहेर येऊन आम्हाला एकच प्रश्न विचारला, “चार दिवस काय करीत होतात?”

त्या प्रश्नाचा मला तेव्हा राग आला. आता वाटते, प्रश्न बरोबर होता; फक्त तो एकट्या आमच्याच कुटुंबाला विचारायचा नव्हता.

दादाला झाले तरी काय होते? त्या सर्जनने मला फिल्म उजेडासमोर धरून समजावले, ते आपल्या भाषेत सांगतो. आपल्या कण्याच्या पोकळीत मज्जारज्जू असतो. हातभर लांब आणि करंगळीएवढा जाड. पायांना हुकूम जातो तो त्याच्यातून, पायांची खबर येते ती त्याच्यातून, आणि लघवी-शौचाचा ताबा असतो तोही त्याच्याच मार्फत. भोवती हाडाची नळी. संरक्षण उत्तम, पण नळीत जागा अशी नाहीच. आता रक्ताचा रस्ता पाहा. धमनीतले रक्त जोराचे असते. ते केसांहून बारीक वाहिन्यांत पसरते, त्याचा जोर मोडतो, आणि मग ते संथपणे नीलांमधून परत जाते. धान पिकवणाऱ्याला हे समजायला चित्र नको. तलावाचे पाणी आधी पाटात, पाटातून पोटपाटात, आणि मग बांधीत. तलावाचे तोंडच सरळ बांधीत उघडले तर धुरे टिकतील काय? काही माणसांच्या कण्यात नेमके हेच असते. मधल्या बारीक वाहिन्या नसतात. धमनी थेट नीलेला जाऊन मिळते. पातळ भिंतीच्या नीला त्या जोराने फुगतात, वेटाळे घेतात. दादाच्या फिल्मवर ते रक्तवाहिन्यांचे गुंतवळ होते, कंगव्यातून काढलेल्या केसांसारखे. त्यातली एक नीला फुटली. रक्त साकळले. हाडाच्या नळीत जागा नव्हती, म्हणून त्याने जागा केली ती मज्जारज्जूला चेपून.

ते गुंतवळ बहुधा त्याच्याबरोबरच जन्मले असावे. बेचाळीस वर्षे त्याने धान रोवला, पोती वाहिली, आणि ते निजून राहिले. रोवणीमुळे ते फुटले असे कोणी सांगितले नाही आणि मीही म्हणत नाही. झोपेतही फुटते.

सुऱ्याच्या वाराची उपमा मी रचलेली नाही, याचे मला पुढे नवल वाटले. मिशों नावाच्या फ्रेंच वैद्याने १९२८ साली कण्यातल्या रक्तस्रावाच्या या कळेला ‘खंजिराचा वार’ असेच नाव देऊन ठेवले आहे. अर्जुनी-मोरगावचा शेतकरी आणि फ्रान्समधला रोगी, दोघांच्या तोंडी एकच शब्द!

याच जातीचा दुसरा एक प्रकार आहे. तो फुटत नाही, नुसता साचतो. बहुतेक पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांना होतो. मज्जारज्जूवरच्या आवरणात धमनी-नीलेची चोरवाट पडते, रक्त तुंबते, आणि पाय हळूहळू धरतात. थोडे चालले की जड, बसले की बरे. मग ‘मणक्यात गॅप’ म्हणून पट्टा बांधतात, लघवी अडखळते म्हणून प्रोस्टेटच्या गोळ्या देतात. वर्ष जाते, दोन वर्षे जातात. आणि कोणीतरी सूज उतरावी म्हणून स्टेरॉइड देते, तेव्हा यांतल्या काही रोग्यांचे पाय उलट झपाट्याने जातात, हे आता चांगले नोंदलेले आहे. जे औषध आमच्याकडे पाठदुखीवर खिरापतीसारखे वाटले जाते, ते हे!

या रोगाने मोठमोठ्यांना चकवले आहे. फ्वा आणि आलाजुआनिन या पॅरिसच्या वैद्यांनी १९२६ साली अशा रोग्यांची हकिकत लिहिली. त्यानंतर कित्येक वर्षे शस्त्रवैद्य मज्जारज्जूच्या पाठीवर फुगलेल्या नीला सोलून काढीत राहिले. त्याच रोगाचे मूळ आहेत असे त्यांना प्रामाणिकपणे वाटे. १९७७ साली लंडनच्या केंडल आणि लोग यांनी दाखवून दिले की खरी चोरवाट बाजूला, मज्जातंतूच्या मुळाशी, आवरणात असते. ती तेवढी बंद केली की पुरे, नीलांना हात लावायचे कारण नाही. आज ती वाट शस्त्राने बंद करतात, किंवा मांडीच्या सांध्यातल्या धमनीतून बारीक नळी वर नेऊन डिंकासारख्या द्रव्याने बुजवतात. म्हणजे शास्त्रही चुकले. पण चुकल्यावर त्याने ते छापून कबूल केले. आमच्या गावच्या ‘हवा लागली’ने आजवर एकही चूक कबूल केल्याचे मला आठवत नाही.

आता माझ्यावर घेतला जाणारा आक्षेप मला ठाऊक आहे. एका डॉक्टर मित्राने तो आधीच घेतला आहे. तो म्हणाला, “अरे, हा रोग किती दुर्मिळ! खेड्यातल्या डॉक्टराने असल्या लाखांतल्या एका रोगाची आठवण कुठवर ठेवायची?” मित्रवर्य, रोगाची आठवण ठेवा असे म्हणतोय कोण? त्याचे नाव विसरा. मला पाठ झाले आहे ते माझ्या नशिबाने. तुम्ही खुशाल विसरा. चिन्ह तेवढे विसरू नका. पाठीत कळ, दोन्ही पायांत बळ कमी, लघवी अडलेली किंवा नकळत होणारी, बसायची जागा बधिर. हे चिन्ह कण्यातल्या क्षयाचेही असते, आणि क्षय आमच्याकडे दुर्मिळ नाही. ते सरकलेल्या चकतीचेही असते, गाठीचेही असते, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्या म्हाताऱ्याच्या कण्यात साकळलेल्या रक्ताचेही असते. कारणे दहा असतील. अर्थ एकच की आत काहीतरी मज्जेला चेपते आहे. आणि लकवा म्हणाल तर, मेंदूतला झटका सहसा शरीराची एक बाजू धरतो, एक हात आणि एक पाय. दोन्ही पाय एकदम गेले आणि तोंड, वाचा, हात शाबूत राहिले, तर बिघाड कण्यात शोधायचा, हे वैद्यकाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला परीक्षेपुरते तरी येतेच. परीक्षा झाल्यावर ते जाते कुठे?

दुसरा आक्षेप साधनांचा. “आमच्याकडे यंत्रे कुठे आहेत?” यंत्रे हवीत, यात वाद नाही. पण ९ जून १८८७ ला लंडनमध्ये काय झाले ते ऐका. एक माणूस काही वर्षे पाठीच्या असह्य वेदनांनी तळमळत होता. पुढे त्याचे पाय गेले, लघवी अडली. गॉवर्स नावाच्या वैद्याने त्याला तपासले, कुठपर्यंत स्पर्श कळतो आणि कुठून कळत नाही ते पाहिले, आणि कण्यात अमुक जागी गाठ आहे असे सांगितले. हॉर्स्ली या सर्जनने त्या दिवशी रोगी पहिल्यांदा पाहिला आणि त्याच दिवशी शस्त्रक्रिया केली. गाठ निघाली. तो माणूस पुढे चालू लागला, कामालाही लागला. क्ष-किरण सापडले ते १८९५ साली! त्या खोलीत एमआरआय नव्हता, साधा एक्स-रे नव्हता. प्रश्न होते, बोटे होती, आणि आज म्हणजे आज असा निश्चय होता. यांतले काय गोंदियात मिळत नाही, ते मला सांगा.

आणि आता तर आमच्याकडे पुष्कळ काही आहे. २०१६ पासून गोंदियाला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. १०८ ची गाडी राज्यात २०१४ पासून धावते. शस्त्रक्रियेच्या खर्चाला महात्मा फुल्यांच्या नावाची जनआरोग्य योजना आहे. नागपूरला मेडिकल कॉलेज १९४७ पासून आहे, आणि गोंदियाहून नागपूर रेल्वेने १३० किलोमीटर. हे सगळे आहे, आणि यांच्या मधोमध एक शिडी आहे. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्ह्याचे ठिकाण, मग नागपूर. प्रत्येक पायरीवर एक चिठ्ठी, एक सलाइन आणि एक रात्र. ज्याचे पाय चालत नाहीत त्याला आपण शिडी चढायला लावतो! पायांत थोडी तरी हालचाल शिल्लक असताना दाब सुटला तर आशा पुष्कळ. सगळे थंडावल्यावर सुटला तर थोडी. इथे तास मोजायचे असतात. चार दिवस आधी गेलो असतो तर दादा आज चालला असता, अशी खात्री कोणीच देऊ शकत नाही. ज्या सर्जनने प्रश्न विचारला त्यानेही दिली नाही. पण तो घरी चालत आला होता. ती सायंकाळ आमच्या हातात होती.

आम्हाला धावता येत नाही, असेही नाही. हीच रोवणी, हाच चिखल, आणि धुऱ्यावर साप चावला की पाहावे! कोणी मोटारसायकल काढतो, कोणी जीपवाल्याला उठवतो, बांधीतली सारी माणसे काम टाकून जमतात. पूर्वी त्यालाही मांत्रिकाच्या दारी नेत. माणसे मेली, ओरड झाली, शाळाशाळांतून सांगितले गेले. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तर साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हाच ठरवला. दादाच्या पाठीतल्या त्या वेटोळ्यांना मात्र कुठलाच कायदा लागू नाही. बाहेरच्या सापाला आम्ही पळतो, आतल्या सापाला तेल चोळतो.

म्हणून माझी मागणी अगदी स्वस्त आहे. कोनशिला नको, उद्घाटन नको. प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर, जिथे कुटुंबनियोजनाची आणि डासांची चित्रे आहेत तिथेच, ठसठशीत अक्षरांत लिहावे: पाठदुखीच्या रोग्याला विचारा, पाय उचलतात का? बसायची जागा बधिर झाली का? लघवी झाली का, आणि कधी? उत्तर वाईट आले तर मधल्या साऱ्या पायऱ्या गाळून, जिथे कण्याचे चित्र निघते आणि शस्त्रक्रिया होते तिथे थेट गाडी. आशाताई घरोघर जातात, बाळाचे वजन विचारतात, तापाचे विचारतात, हेही विचारतील. त्या डॉक्टरांपेक्षा कमी लाजतात, असा माझा अनुभव आहे.

खरी अडचण बायांची. दादा पुरुष असून चूप राहिला. रोवणीच्या बांधीत बायाच अधिक, आणि आडोसा नाही म्हणून दिवस-दिवस लघवी दाबून धरण्याची त्यांना सवय. तिथे अडलेली लघवी ओळखायची कोणी आणि सांगायची कोणाला? समोर डॉक्टर पुरुष, बरोबर आलेला सासरा पुरुष. ‘अंगावरून जाते’, ‘खाली जड वाटते’ अशा आडपडद्याच्या शब्दांत ती काहीतरी सांगते आणि तो लोहाच्या गोळ्या लिहून देतो. आमच्या भागात सिकलसेलही पुष्कळ. तो असला की मग प्रश्नच मिटला, प्रत्येक दुखणे त्याच्याच खात्यात. सुशिक्षितांनी यात हसण्यासारखे काही नाही. नागपूर-पुण्याच्या सदनिकांत राहणारे आमचे नातेवाईक फोनवर ‘युरिन’ म्हणतात, आणि तो शब्दसुद्धा आवाज उतरवून.

दादा आता छपरीत खाटेवर असतो. हात भक्कम आहेत. धानाचा हिशेब, मजुरीचा हिशेब, सारे तो बसल्या जागी पाहतो. गंमती माणूस होता, तसाच राहिला आहे. चाकाची खुर्ची मिळाली आहे, पण अंगणातल्या चिखलात पावसाळाभर तिचा उपयोग नाही. दिवसातून ठरल्या वेळी नळी घालून लघवी काढावी लागते. ते काम आधी वहिनी करी, आता तो स्वतः शिकला आहे, आणि त्याबद्दल तो कोणासमोरही, कोणत्याही आवाजात बोलतो. वहिनी अजून खाली पाहते.

यंदाच्या रोवणीत मी तिथे होतो. सायंकाळी मजुरी घ्यायला बाया छपरीसमोर जमल्या होत्या. त्यांतली एक कमरेला हात लावून म्हणाली, “पाठ भरून आली, पायबी जड झाले.” दुसरी लगेच म्हणाली, “पाठ तं साऱ्याइचीच दुखते.” दादाने नोटा मोजणे थांबवले आणि खाटेवरून मोठ्याने विचारले, “लघवी झाली का वो बाई?”

बायांनी तोंडाला पदर लावले. कोणीतरी फिसकन हसले. ती बिचारी लाल झाली.

“झाली जी! असं का विचारता?”

“कवा झाली?”

“आत्ताच. येता येता.”

“बरं मग,” दादा म्हणाला, “बस. चहा घेऊन जा.” आणि पुन्हा नोटा मोजू लागला.